सवाष्णी पाहिजेत

पोंगल होऊन गेला आणि रायरांच्या चुलीवर त्या वर्षी पहिल्यांदाच विकतचा तांदूळ शिजला. सईबाईंनी पहिला घास तोंडात घेतला, चावला, आणि ताट बाजूला सरकवलं.

"वास नाही गे ह्यास," त्या सुनेला, तुळसीला म्हणाल्या.

वास येणार कुठून? ज्या शेतातून तो यायचा तिथं आता निळ्या पत्र्याची उंच भिंत होती आणि भिंतीच्या आत परदेशातल्या एका कंपनीचा कारखाना. मोटारगाड्यांच्या तारांचे जुडगे तिथं बनत. सकाळी परसात तोंड धुवायला गेलं की पूर्वी समोर तळं दिसायचं, आता पत्रा दिसायचा, आणि दुपारच्या उन्हात त्या पत्र्याची धग थेट न्हाणीपर्यंत यायची.

वेळ्ळेरी हे गाव चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीच्या पाठीमागं, तळ्याच्या काठाला. तुळसीच्या नवऱ्याचा, गुंडोचा आजा तंजावरहून तळ्याच्या पाटांवर कारकून म्हणून आला, तळ्याखाली त्यानं थोडी जमीन घेतली आणि इथलाच झाला. गावात मराठी बोलणारी घरं दोनच. एक हे, आणि दुसरं बालाजीरावांचं. तमिळ शेजारी दोन्ही घरांना 'रायर' म्हणत. बालाजीराव गुंडोचे लांबचे चुलते. त्यांनी जन्मात कधी नांगराला हात लावला नाही. दुसऱ्यांच्या जमिनीच्या व्यवहारात मध्ये पडणं हाच त्यांचा धंदा, आणि तो बरकतीत होता.

जमिनी घ्यायच्या होत्या तेव्हा पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढं मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर बाटलीतलं पाणी, मागं भला मोठा फलक. परदेशातून गुंतवणूक येणार, तिच्या मागोमाग संधी येणार, गावाचं नशीब उघडणार, असं सुटाबुटातल्या माणसांनी आळीपाळीनं सांगितलं. संधी, संधी, संधी. शेवटी शेजारच्या विजयलक्ष्मीच्या सासऱ्यानं उठून विचारलं की बाबांनो, ही संधी खातात कशाशी? तेव्हा बालाजीराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "घरटी एक नोकरी. माझा शब्द घ्या." लोकांनी घेतला. जमिनीचे पैसे आले तसे कुणाच्या छपरात, कुणाच्या दुखण्यात, कुणाच्या पोरीच्या लग्नात गेले. शब्द तेवढा राहिला.

नोकरीची वेळ आली तेव्हा पहिला गुंडो गेला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि दुपारच्या आत परत आला. पुरुष नकोत म्हणे. तारा गुंडाळायला बायकांची बोटं लागतात, आणि बायका उलट बोलत नाहीत. दुसरं कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो ते ऐकून आल्यासारखा बसला होता. त्यानंतर तो वसाहतीतल्या एका गोदामात हमालीला जाऊ लागला. बोलावतील त्या दिवशी काम, नाही बोलावलं तर ओसरीवर.

मग तुळसी गेली.

कत्तरीचं, ऐन मे महिन्याचं ऊन होतं. त्या दिवसांत चेन्नईच्या बाजूचा डांबरी रस्ता मऊ पडतो, चप्पल उचलताना चिकटते. गेटबाहेर गावातल्या बायकांची रांग लागली होती. तुळसीच्या पुढं शेजारची विजयलक्ष्मी. दोघींचं परस एकच, मध्ये नुसतं शेवग्याचं झाड. सावलीला ठेवलेल्या टेबलाशी कंपनीची एक बाई उभी होती आणि तिची तपासणी अजब होती. शिक्षण विचारायच्या आधी ती प्रत्येकीच्या गळ्यात बोट घालायची, कपड्याच्या आत लपलेला मंगळसूत्राचा पिवळा दोरा बाहेर ओढायची, मग वाकून पायाच्या बोटांकडं बघायची.

"ताली आहे. बाजूला. पुढची."

बाजारात म्हैस घेताना दात बघतात, त्याला निदान म्हशीची किंमत द्यायची असते. इथं फुकट बघणं चाललं होतं. बायका आपापला पिवळा दोरा पुन्हा आत सारत, मान खाली घालून बाजूला होत होत्या.

विजयलक्ष्मी बाजूला झाली नाही. "काय झालं तालीला?"

"लग्न झालेल्या घ्यायच्या नाहीत. वरून सांगितलंय."

"का?"

"लग्न झालं की बाळंतपण. बाळंतपण झालं की पोराचा ताप. मग सासूचं दुखणं. लाइन थांबते."

"आणि आमचं शेत घेतलंत तेव्हा नाही विचारलंत, लग्न झालंय का म्हणून!"

मागच्या बायका हसल्या. ती बाई हसली नाही. "पुढची," म्हणाली.

पुढची तुळसी. ती वळून निघणारच होती. पण त्या बाईचं बोट गळ्यात शिरलंसुद्धा, आणि बाहेर आली ती काळ्या मण्यांची पोत. पिवळा दोरा नाही. तमिळ मुलखात लग्नाची खूण म्हणजे पिवळा दोरा. काळी पोत कोण ओळखणार? वाट्या आत चुडीदाराला अडकून राहिल्या होत्या. बाईनं मणी बोटांवर खेळवले.

"हे काय? दृष्टीचे मणी?"

बाई वाकली. पायात जोडवीही नव्हती. मुलीच्या, ऊर्मीच्या वेळी पाय एवढे सुजले की सोनाराकडून जोडवी कापून काढावी लागली, ती पुन्हा घडवणं राहूनच गेलं होतं. आधार कार्डावर अजून बापाचं नाव, तंजावरचा पत्ता.

"लग्न नाही," बाईनं स्वतःच ठरवलं आणि आत जायचा हात केला.

तुळसीनं विजयलक्ष्मीकडं पाहिलं. ती उन्हात उभी होती, ओढून काढलेला दोरा अजून तिच्या पदरावर लोंबत होता. एक शब्द ती बोलली असती तर संपलं असतं सगळं. ती बोलली, पण हळू, ओठातल्या ओठात. "जा आत. एकीचं तरी होऊ दे."

तुळसी आत गेली. खोटं ती बोलली नाही, तिच्यावर बोलायची वेळच कुणी येऊ दिली नाही. तरी घरी येईपर्यंत तिची मान वर झाली नाही, जणू चोरी तिनंच केली होती.

काम उभ्यानं. समोर तिरपी पाटी, पाटीवर खिळे, खिळ्यांतून लाल, हिरव्या, पिवळ्या तारा नेमक्या वाटेनं न्यायच्या आणि त्यांच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळत जायची. पाटी थांबत नाही, सरकते. तुमचं गुंडाळून झालं नसलं तरी सरकते, आणि मग पुढची पोरगी ओरडते. पहिल्या आठवड्यात तुळसीच्या अंगठ्याची कातडी सोलली. नंतर तिथं घट्टा पडला. पोटऱ्या ताठ होत, कंबरेत कळ यायची, पण भात लावणीत याहून जास्त वाकून दिवस काढले होते तिनं. तिथं मात्र पाणी प्यायला बांधावर जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. इथं लघवीला जायचं तरी हात वर करायचा.

चिकटपट्टीचा डिंक बोटांना राही. साबणानं जात नसे. घरी येऊन भात कालवला तर ऊर्मी तोंड फिरवायची. "वास येतो," म्हणायची. मग सईबाईच भरवू लागल्या.

खरी गोष्ट पुढंच होती. भिंत परसाशी असली तरी गेट पार पलीकडच्या अंगाला, म्हणून कंपनीची बस पिळ्ळैयारच्या देवळापाशी यायची, बसमध्ये लांबलांबच्या जिल्ह्यांतल्या पोरी, सगळ्यांच्या जिभा मोकळ्या, आणि 'आयी' म्हणजे आईच हे तमिळ पोरींनाही कळणारं. पहिल्याच दिवशी ऊर्मी "आई, आई" करत बसमागं धावली. तुळसीनं खिडकीतून ते पाहिलं आणि चटकन मान आत घेतली. आपल्या पोरीला ओळख न दाखवणारी आई! त्या संध्याकाळी सईबाईंनी नातीला मांडीवर घेतलं.

"बस आली की अक्का म्हणायचें, हं? आई नको. अक्का."

"कां?"

"बसमध्यें बागुलबुवा आहे. आई म्हटलें की तो आईस धरूनशान ठेवतो."

पोरगी शहाणी. शिकली. रोज सकाळी देवळापाशी उभी राहून "अक्का, टाटा" करायची. बसमधल्या पोरी म्हणायच्या, "तुझी बहीण किती गोड गं!" तुळसी हसायची. गुंडोनं बसपाशी यायचंच सोडलं. आपण अण्णा व्हायचं की मामा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्याला लाज वाटत होती.

आडी महिन्यात, आषाढाच्या सुमाराला, ऊर्मीला ताप भरला. तुळसीनं रजा मागायची तर कारण काय सांगायचं? बहिणीला ताप आलाय, म्हणून बिनलग्नाच्या पोरीला रजा मिळते होय? ती गेली. दिवसभर तारा गुंडाळल्या. खिळे दिसत होते, तारा दिसत होत्या, आणि त्यांच्यामधून पोरीचं तापलेलं तोंड. संध्याकाळी पळत घरी आली. ऊर्मी आजीच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. पावलांचा आवाज आला तशी तिनं डोळे किलकिले केले.

"आज्जी, अक्का आली."

आता तिथं बस नव्हती. अंगणात कुणी परकं नव्हतं. तुळसी तशीच परसात गेली, खोबरेल घेऊन बोटांवरचा डिंक घासत बसली. घासता घासता रडली, चांगली मोठ्यानं, शेवग्यापलीकडं विजयलक्ष्मीला ऐकू जाईल इतकी.

गुंडो मागून आला. "सोड ती नोकरी."

"सोडून काय खायचं? तुमचा विकतचा तांदूळ कोण आणणार?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण बोलली ते खरं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

कारखान्यात मुलींची सगळी व्यवस्था बघायला नंदिता मॅडम होती. टी. नगरची, इंग्रजीत शिकलेली, वाईट म्हणावी अशी मुळीच नाही. कुणाचा वाढदिवस असला की केक आणायची, सगळ्यांना "माझ्या मुली" म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत एकदा म्हणाली, "तुम्ही किती नशीबवान! घरची कटकट नाही, नवऱ्याची नाही. पंख फुटलेत तुम्हाला." टाळ्या वाजल्या. तुळसीनंही वाजवल्या. इतका संताप तिला त्या गेटवरच्या बाईचा आला नव्हता.

आवणी महिना, इकडचा श्रावण, लागला आणि कारखान्यात धांदल उडाली. उरलेल्या शेतांवर दुसरा कारखाना उभा राहणार होता, भूमिपूजनाला परदेशातून मोठी मंडळी येणार होती, खुद्द मालकांच्या घरच्या एक वयस्क बाई येणार होत्या. भिंतींना रंग लागला. गेटपासून पूजेच्या खड्ड्यापर्यंत पांढरा गालिचा आला. पाहुण्यांना इथली संस्कृती दाखवायची, असं वरून सांगणं होतं. आणि मग देवळातल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळनी सांगितलं की गेटवर पाहुण्यांना आरती ओवाळायला सवाष्णी पाहिजेत. कुमारिका चालत नाहीत.

नंदिता मॅडमनं आपल्या लायनींवर नजर टाकली. निळे कोट, निळ्या टोप्या, जिकडं बघावं तिकडं बायका, आणि सवाष्ण एक नाही! निवडून निवडून बाहेर काढल्या होत्या, सापडणार कुठून?

तिनं बालाजीरावांना फोन लावला. ते दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, सईबाईंच्या अंगणात हजर झाले. सईबाई विधवा, त्यांचा उपयोग नव्हता, पण गावच्या बायका त्यांचं ऐकत. शेजारच्या तिघी-चौघींना बोलावून घेतलं. विजयलक्ष्मीही आली, कंबरेवर ऊर्मीला घेऊन.

"कंपनीनें मोठा मान दिला आहे," बालाजीरावांनी सुरुवात केली. "रेशमी पट्टुसाडी देतील, गजरा देतील, जेवणही तिथेंच. फक्त आरती करायची, फोटो काढून घ्यायचा."

"साडी आम्हालाच?" एकीनं विचारलं.

बालाजीराव खाकरले. "साडी नंतर परत द्यायची. भाड्यानें आणली आहे ती."

विजयलक्ष्मीनं ऊर्मीला खाली ठेवलं. "रायरे, मला एक सांगा. उन्हाळ्यात त्याच गेटवर माझा दोरा बघून मला हाकलली. तो दोरा आता चालतो?"

"अय्यो, तें काम वेगळें, हें शुभकार्य."

"हाकलायला दोरा नको, मिरवायला दोरा पाहिजे. मी नाही येणार."

"मी पण नाही," दुसरी म्हणाली. तिसरी नुसतीच उठली आणि चालू लागली.

बालाजीराव लाल झाले. बायका गेल्यावर सईबाईंकडं वळले. "समजाव त्यांस, सईबाई. नाही तर मजलाही तोंड उघडतां येतें. तुझी सून आंत आहे ती कोणाच्या गप्प राहण्यानें, ठाऊक आहे ना?"

सईबाई आयुष्यभर दिरांपुढं पदर सावरून बोललेल्या. पण त्या दिवशी त्यांनी पदर सावरला नाही. "उघडा तोंड," त्या म्हणाल्या. "त्यांत पहिल्यानें तुम्ही दिलेला शब्द आहे, तो आधीं बाहेर पडूं दे. घरटी एक नोकरी, म्हणाला होतां. लग्न न झालेल्या घरटी, असें म्हणाला नव्हतां."

आत दाराआड उभी असलेली तुळसी हे ऐकत होती. सासूबद्दल तिला इतकं प्रेम पूर्वी कधी वाटलं नव्हतं, आणि भीतीही तेवढीच वाटली.

भूमिपूजनाचा दिवस उजाडला तो उकाड्याचाच. ढग होते, वारा नव्हता. गेटाच्या आत थाळी तयार होती. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की लालभडक रंग येतो, तसं ते आरतीचं पाणी, त्यावर विड्याचं पान, पानावर कापूर. नादस्वरवाले वाजंत्री आले, गुरुक्कळ आले, सवाष्णी नाहीत. गेटाबाहेर रस्त्यापलीकडं मात्र गावच्या बायका घरच्याच साड्यांत उभ्या होत्या. विजयलक्ष्मी होती, सईबाई होत्या, ऊर्मी होती. बघायला आल्या होत्या. आत या म्हणून रखवालदार दोनदा जाऊन सांगून आला. कुणी हललं नाही.

नंदिता मॅडम घामानं थबथबली होती. पाहुण्यांच्या गाड्या हमरस्ता सोडून आत वळल्याचा फोन आला. तिनं लायनीतून दोघींना बाहेर ओढलं. एक तुळसी, दुसरी कीर्तना, दूरच्या जिल्ह्यातली वीसेक वर्षांची पोरगी.

"कोट काढा. ह्या साड्या गुंडाळा वरून. आणि हे घाला गळ्यात." गुरुक्कळच्या पूजासामानातले हळद लावलेले दोन पिवळे दोरे तिच्या हातात होते. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. त्यांना काय कळतंय?"

कीर्तना आधी खुदकन हसली. मग दोरा मानेला लागला आणि तिचा चेहराच उतरला. "नको मॅडम! लग्नाआधी गळ्यात ताली नको. अम्मा मारून टाकेल मला." तिनं दोरा ओरबाडून काढला आणि रडतच लायनीत पळाली.

"मूर्ख!" नंदिता मॅडम पुटपुटली आणि तुळसीकडं वळली. "तू तरी शहाणी आहेस. चल. आधी ते काळे मणी काढ, काळं बरं दिसत नाही शुभकार्याला." आणि वेळ नव्हता म्हणून तिनं स्वतःच हात घातला, पोतीचा फासा शोधायला.

तुळसीनं तिचं मनगट धरलं. चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून कडक झालेली बोटं होती ती; मॅडम दचकली.

"हात लावू नका. ही माझी ताली आहे."

"काय?"

"आम्ही मराठी. आमच्यात काळी असते. माझं लग्न झालंय. मला मुलगी आहे. ती पलीकडं उभी आहे, रस्त्यावर, सासूबरोबर. ती मला अक्का म्हणते, मॅडम. तुमच्या बसपायी आईला अक्का म्हणायला शिकवलंय तिला."

नंदिता मॅडमचं तोंड उघडं राहिलं. "खोटं बोलून शिरलीस तू?"

"मला कुणी विचारलंच नाही. गळ्यात बोट घातलं आणि ठरवलं."

गाड्यांचे हॉर्न वाजले. नादस्वर सुरू झालं. नंदिता मॅडमनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा तुळसीच्या गळ्याकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून तुळसीला हसावं की थुंकावं कळेना. मॅडमला हायसं वाटलं होतं. खरीखुरी सवाष्ण मिळाली होती.

"बरं झालं उलट," ती भराभरा म्हणाली. "ते तुझं नंतर बघू. नियम नियमच आहे, ते मला बघावंच लागेल. पण आता थाळी घे. हसतमुखानं, काय?"

म्हणजे आरतीपुरतं लग्न चालत होतं. आरती संपली की तेच लग्न गुन्हा. शेत घेताना बाई चालते, फोटोत चालते, पाहुण्यापुढं चालते; पगाराच्या दिवशी तेवढी चालत नाही. तुळसीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं थाळी उचलली.

गाडीतून त्या वयस्क बाई उतरल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, साध्या. त्यांनी तुळसीकडं पाहून हात जोडले, कसे जोडावेत ते कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं. त्यांच्यावर तुळसीचा राग नव्हता. दारात आलेला माणूस आहे, त्याचं करायचं ते करायचं. तिनं थाळी नीट ओवाळली, कापराची ज्योत न विझू देता, आणि बाईंच्या कपाळाला लाल पाण्याचं बोट लावलं. बाई हसल्या. मागं उभ्या असलेल्या साहेबांनी फोटो काढले.

आता ते पाणी बाहेर टाकायचं होतं. आरती ओवाळली की माणसावरची सगळी दृष्ट, सगळी पीडा त्या लाल पाण्यात उतरते, आणि ते नेऊन उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ओततात. कधीही, कुठल्याही घरी, ते आत सांडत नाहीत. चेन्नईतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तुळसी रस्त्याच्या दिशेनं दोन पावलं गेली. पलीकडं बायका उभ्या होत्या. मग ती तिथंच वळली, रस्त्याकडं पाठ केली, आणि थाळी कारखान्याच्या आत उपडी केली. लाल पाणी गेटाच्या रुळावरून आत गेलं, कोलमच्या रांगोळीवर पसरलं, गालिच्याच्या काठात शिरलं.

नादस्वरवाल्यानं सूर सोडला. गुरुक्कळनी झटकन पाय मागं घेतला. रस्त्यापलीकडून बायकांचा "अय्यो" ऐकू आला. लायनीतल्या पोरींनी तोंडावर हात ठेवले. पाहुण्यांना हा पूजेचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाहेर!" नंदिता मॅडम किंचाळली. "बाहेर टाकतात ते! तुला कळत नाही?"

"कळतं," तुळसी म्हणाली. आवाज चढवायचा तिचा विचार नव्हता, पण तो चढला. "चांगलं कळतं. आम्हाला बाहेर काढलंत, ते बाहेर आहोत आम्ही. तुमची पीडा आणखी आमच्या अंगावर कशाला टाकू? असू दे तुमची तुमच्या घरात."

बालाजीराव गालिच्याच्या टोकाशी उभे होते, त्यांचा हात आपोआप छातीवर गेला होता. "काय केलीस हें," ते पुटपुटले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. पाहुण्या बाईंनी दुभाष्याला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, बाई पुन्हा हसल्या आणि त्या लाल पाण्यातूनच पुढं चालू लागल्या. त्यांच्या मागून साहेब, त्यांच्या मागून बालाजीराव. पांढऱ्या गालिच्यावर बुटांचे लाल ठसे खड्ड्यापर्यंत उमटत गेले. ज्या जागी खड्डा होता तिथं विजयलक्ष्मीच्या सासऱ्याचं शेत होतं.

तुळसीनं भाड्याची साडी अंगावरून उतरवली, घडी न करता नंदिता मॅडमच्या हातात दिली. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं. आणि चुडीदारावर, काळी पोत बाहेर, ती गेटातून रस्त्यावर आली. उद्याचा तांदूळ कुठून येणार हे तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसण्याची भीती होतीच. पण छाती हलकी झाली होती.

सईबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. विजयलक्ष्मी गेटाकडं बघत होती. गुरुक्कळ एका पोऱ्याला फडकं आणायला ओरडत होते.

"गेली ना तुझी नोकरी?" विजयलक्ष्मी म्हणाली.

"गेली."

"आता?"

तुळसीनं श्वास घेतला. "उद्या सकाळी बस येईल देवळापाशी. तिच्यापुढं बसायचं. आत घेत नाहीत तोवर उठायचं नाही. मी एकटी बसले तर उचलून फेकतील. तुम्ही याल?"

विजयलक्ष्मीनं गळ्यातला पिवळा दोरा बोटानं बाहेर काढला आणि साडीवर नीट, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"आम्ही त्यांच्या दारात उन्हाळ्यापासून उभ्याच आहोत," ती म्हणाली. "उद्या बसू."